न्यायचा तर दार न्या

“मावशी, त्या माणसाला तुम्ही काय काय सांगितलं?”

सायमननं विचारलं तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. सूप मांडीवर होतं.

“समदं सांगितलं,” मी म्हणाले.

“ग्रेसचं नाव?”

“हाव.”

“तीच गाते, हे पण?”

“हाव.”

“आणि शाळा?”

“शाळेचं नाव मला कुठं ठावं हाय? नदीकाठचं बाजाराचं गाव, तिथली शाळा, एवढंच म्हणलं.”

“तिथं एकच शाळा आहे, मावशी.”

तो ओरडला नाही. खाली बसला, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडं, नेहमी बसायचा तसा. फोन काढून त्यानं बहिणीचा नंबर लावला. फोनमधली बाई त्यांच्या भाषेत बोलली. दोन दिवसांत तेवढं एक वाक्य मलाही समजायला लागलं होतं. नंबर बंद आहे.

त्यांच्या देशात मतदान होऊन दोन दिवस झाले होते. ग्रेस ही त्याची धाकटी बहीण. शाळेवर मास्तरीण, आणि मतदानाला तिथल्याच केंद्राची मुख्य. मोजणी झाल्यावर तिनं एक फोटो पाठवला होता. एक निळं दार आणि त्यावर लावलेला पांढरा कागद. त्यानंतर काहीच आलं नाही.

देशाचं नाव मी लिहिणार नाही. आफ्रिकेतला आहे, एवढं पुरे. सायमनची माणसं अजून तिथं आहेत, आणि मी एकदा जास्त बोलून बसले आहे.

सायमन नांदेडला माझ्या मागच्या खोलीत साडेतीन वर्षं राहिला. विद्यापीठात शिकायला आला होता. विषय काय, तर निवडणूक. यादी कशी करायची, पेटी कशी बंद करायची, मोजायचं कुणी आणि सही कुणी करायची.

मी म्हणाले, “यात शिकायचं काय असतंय? आमच्याकडं गुरुजी लोक करतेत की.”

तो म्हणाला, “आमच्याकडं हरलेला माणूस खुर्चीवरून उठत नाही, मावशी. म्हणून शिकून राहिलो.”

असं आमचं मराठी तो रिक्षावाल्यांकडून, खानावळीतून आणि माझ्याकडून शिकला होता. पुस्तकातलं त्याला येत नव्हतं. अडलं की हैदराबादी हिंदी लावायचा, आणि ती आमच्या गल्लीत सगळ्यांना समजायची.

तो नवा होता, मराठी जेमतेम समजायला लागलं होतं, तेव्हा शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “एवढा काळा माणूस घरात घेतलास, भ्या वाटत न्हाई का?”

मी म्हणाले, “तुझा नवरा काय गोरा हाय?”

सायमन आतून ऐकत होता. तो हसला तेव्हा त्याचं हसणं पहिल्यांदा ऐकलं. छपरावरचे पत्रे थरथरले असं वाटलं.

एवढा मोठा माणूस सरड्याला भ्यायचा. सीताफळीवर सरडा दिसला की बाजेवर चढून उभा राहायचा आणि “मावशी, मावशी” करत हाका मारायचा. त्यांच्याकडं सरडा वाईट समजतात म्हणे. मी झाडूनं सरडा हाकलायची, मग साहेब खाली उतरायचे. बाकी ठेचा खाताना त्याच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नाही.

त्याची बोटं कधी गप्प नसायची. भाकरी तव्यावर असेपर्यंत समोरचं रिकामं ताट वाजवायचा. बादली, खिडकीचा गज, माझा पितळी डबा, काहीही चालायचं. तिकडं तो नाव असलेला गाणारा होता. लग्नात, एसटीसारख्या त्यांच्या गाड्यांत, रेडिओवर, सगळीकडं त्याची गाणी वाजत. इथं त्याला कुणी ओळखत नव्हतं आणि तेच त्याला बरं वाटायचं. एक गिटार होती, तिची एक तार तुटलेली. नवी का घालत नाहीस म्हटलं तर म्हणायचा, “पाचवर भागतंय ना.”

आणि एक खोड होती. कुणी काहीही सांगितलं की हात पुढं करायचा आणि म्हणायचा, “दाखवा.” नळाला पाणी आलं, दाखवा. पोरगी दहावी पास झाली, दाखवा. गल्लीतल्या बायका चिडायच्या. त्याचं म्हणणं, त्यांच्याकडं रेडिओवरचा एक माणूस आकडे वाचतो आणि सगळा देश ते खरे धरतो. कागद कुणी बघत नाही. म्हणून त्याला बघायची सवय लागली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. बावीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवली. निवडणूक आली की आमच्याच शाळेत केंद्र असायचं, आणि आलेल्या लोकांचा स्वयंपाक माझ्याकडं. हे कळल्यावर सायमन माझ्या मागंच लागला. पेटी कुठं ठेवायचे, खिडकीला काय लावायचे, बायकांची रांग वेगळी का. वहीत लिहून घ्यायचा. एवढं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं.

त्यातच खळीची गोष्ट निघाली. एका वर्षी उमेदवारांची यादी केंद्रावरच्या साहेबांनी भिंतीला चिकटपट्टीनं लावली. चुन्याची भिंत, वारा सुटलेला. यादी तीनदा उडाली. साहेब रडकुंडीला आले. मी गव्हाचं पीठ पाण्यात कालवून चुलीवर शिजवलं, चांगली घट्ट खळ केली आणि यादी दारावर लावली. वरूनही एक हात फिरवला. साहेबांनी विचारलं, “बाई, निवडणूक झाल्यावर निघेल ना हे?” मी म्हणाले, “कागद निघायचा न्हाई. न्यायचा तर दार न्या.”

सायमन हसला, मग एकदम थांबला. “परत सांगा,” म्हणाला. वही उघडली. खळ कशी करायची तेही लिहून घेतलं. पाणी किती, पीठ किती, मोरचूद असलं तर चिमूटभर टाकायचं म्हणजे किडे लागत नाहीत.

त्यानं मला समजावलं की त्यांच्याकडं मतं त्याच शाळेत, सगळ्यांसमोर मोजतात. मग आकड्यांचा कागद दारावर लावायचा, असा नियम आहे. पण कागद टाचणीनं लावतात. अंधार पडायच्या आत तो नाहीसा होतो, आणि रेडिओवर दुसरेच आकडे येतात.

मी म्हणाले, “मग गावाला ठावं होतंय की कुणी कुणाला दिलं. भ्या वाटत न्हाई व्हय लोकांना?”

“वाटतं,” तो म्हणाला. “सगळ्यांना वाटतं.”

महिनाभरानं त्यानं गाणं केलं. माझी मुलगी लातूरला असते. तिच्या घरामागं दगडूमास्तर राहतात. लग्नाचा बँड त्यांचा, आणि निवडणुकीत रिक्षावर वाजणारी गाणी ते घरातल्याच एका खोलीत तयार करतात. खोलीला आतून गोधड्या लावलेल्या. सकाळी एका उमेदवाराचं गाणं, संध्याकाळी त्याच्या विरोधातल्याचं, चाल एकच. मी मुलीकडं निघाले होते, सायमन सोबत आला.

मास्तरांनी विचारलं, “कोणत्या पक्षाचं?”

“कोणत्याच नाही.”

“मग निशाणी कोणती सांगायची?”

“निशाणी नाही. मोजून झालं की कागद दारावर लावा, एवढंच.”

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. “मावशे, ह्यो येडा हाय का? निशाणी न्हाई तर गाणं कशाला?”

“तुम्ही वाजवा हो,” मी म्हणाले.

ते गाणं म्हणजे एक बाई विचारते आणि एक बाप्या उत्तर देतो. बाई म्हणजे ग्रेस. ती तिकडं आपल्या घरात पांघरूण डोक्यावर घेऊन गायची, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून, आणि ते फोनवरून इकडं यायचं. मास्तरांनी गाण्याखाली हलगीचा ताल टाकला. आमची हलगी आणि त्यांची भाषा. मला अर्थ सायमननं सांगितला. मोजून झालं का? झालं. कागद कुठं आहे? दारावर. कशानं लावला? पिठाच्या खळीनं. काढता येईल का? नाही. मग नेणार कसा? न्यायचा तर दार न्या.

“हे माझं हाय,” मी म्हणाले.

“तुमचंच आहे, मावशी.”

निघताना मास्तरांनी हळूच विचारलं, “केस-बीस तर व्हायची न्हाई ना बाबा?”

“तुमच्यावर नाही,” सायमन म्हणाला. कुणावर होईल ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

गाणं तिकडं गाडीगाडीत वाजलं. पोरं शाळेत म्हणायला लागली. पहिले काही दिवस सायमन खुशीत होता, फोन हातातून सोडायचा नाही. मग तिकडच्या सरकारनं ते बंद केलं. गाडीत वाजवणाऱ्या दोघांना धरून नेलं. मग लोक शब्द सोडून नुसती चाल गुणगुणायला लागले. तीही बंद केली. सायमनला मित्रांचे फोन आले, इकडं येऊ नकोस. त्यानं खोलीला आतून दुसरी कडी बसवून घेतली. चपला बाहेर काढायचा, त्या आत नेऊन बाजेखाली ठेवायला लागला. दारात कुणी फेरीवाला ओरडला तरी त्याचं ताट वाजवणं थांबायचं.

त्यानं मला बजावलं होतं, हे मी लपवत नाही. “मावशी, गाणारी बाई कोण, हे बाहेरच्या कुणाला सांगायचं नाही. तिकडच्या सरकारला ते कळलेलं नाही.” मी बरं म्हणाले होते.

मग तो माणूस आला. दुपारची वेळ, सायमन विद्यापीठात गेलेला. उंच, इस्त्रीचे कपडे, सायमनच्याच रंगाचा. दारात केळी ठेवली आणि वाकून माझ्या पाया पडला. हैदराबादला शिकतो म्हणाला, सायमनच्या गावचा. मला हिंदीत माताजी म्हणाला.

आता आमच्यात असं आहे. माणूस दारी आला की आधी पाणी, मग कोण, कुठले, कुणाचे. नातं लागलं की तो घरचा. तो सायमनच्या गावचा, पाया पडलेला, माझ्या घरात बसून मुरमुऱ्यांचा सुशीला खाल्लेला माणूस. मला तो बाहेरचा वाटलाच नाही. मी दोनदा वाढलं.

तो म्हणाला, गाणं फार छान झालंय, बाईचा आवाज काय गोड आहे. मी म्हणाले, गोड असणारच, त्याची सख्खी बहीण आहे. ग्रेस नाव. मास्तरीण आहे. औंदा तिला निवडणुकीची ड्यूटी लागली, तिच्याच शाळेत, नदीकाठच्या बाजाराच्या गावात. मी हे सगळं कौतुकानं सांगितलं. आपल्या पोरीचं सांगावं तसं.

मीही त्याला विचारलं, तुझे आईवडील कुठं असतात, भाऊ किती. तो नुसता हसला. मी पुन्हा विचारलं, तो चहा पिला. जाताना म्हणाला, “उसको नक्को बोलना माताजी, मैं इतवार को आके गले मिलूँगा.” रविवार आला आणि गेला. तो आला नाही. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. मला वाटलं गाडी चुकली असेल.

मतदानानंतर दोन दिवसांनी हैदराबादहून सायमनच्या मित्राचा फोन आला. एक माणूस गाणाऱ्या बाईची चौकशी करत फिरतोय, तुझ्याकडं कुणी आलं होतं का? सायमननं मला विचारलं. पुढचं मी वर लिहिलंच आहे.

मी त्याची माफी मागितली नाही. मागून ग्रेसचा फोन लागणार नव्हता. मी भाकरी केली, ताट त्याच्यापुढं ठेवलं आणि “जेव” म्हणाले. त्यानं ताटाकडं बघितलं. बोटं मांडीवर तशीच पडून होती. साडेतीन वर्षांत माझ्या घरात ताट वाजलं नाही अशी ती पहिली वेळ.

तिसऱ्या दिवशीही फोन लागला नाही. तो खोली सोडून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. एकट्याला बसवत नसेल. मलाही बसवत नव्हतं. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला की आम्ही दोघं दाराकडं बघायचो. त्या माणसाला माझं घर माहीत होतं. मी दिवसाढवळ्या दार लावून घेतलं. शेजारीण हाक मारून गेली, मी ओ दिली नाही. सत्तरी उलटली माझी, पण माझ्याच घरात मी अशी लपून कधी बसले नव्हते.

मी म्हणाले, “तो फोटो दाखव.”

निळं दार. कागदावर आकडे, खाली सह्या. कडेला एका म्हाताऱ्याचा हात आलेला, हातात वाडगा.

“ह्यो कोण?”

“शाळेचा शिपाई. त्याला सगळे बाबाच म्हणतात. खळ त्यानं केली, मक्याच्या पिठाची. गाणं ऐकून.”

फोटोत बाबाच्या बोटांवर खळ वाळलेली दिसत होती. ती वाळली की कातडी ओढते. नुसत्या पाण्यानं जात नाही, घासावी लागते. मला माहीत आहे.

“कागद नीट लावलाय,” मी म्हणाले. “कोपरे पण दाबलेत.”

सायमन म्हणाला, “मावशी, केंद्राची मुख्य म्हणून ग्रेसचं नाव सरकारी यादीत होतंच. तुम्ही नसतं सांगितलं तरी ते आले असते.”

“खरं सांगतो का माझ्यासाठी सांगतो?”

त्यानं फोन पालथा ठेवला. “माहीत नाही,” म्हणाला.

चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला. नंबर दुसऱ्या देशाचा. त्यानं उचलला, “ग्रेस” एवढंच म्हणाला आणि भिंतीला डोकं टेकवून ऐकत राहिला. मी गॅस बंद केला. मला त्यांची भाषा येत नाही, म्हणून मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. आधी ते सैल झालं. मग मधेच पुन्हा आवळलं.

फोन ठेवल्यावर त्यानं सांगितलं. मोजणी झाली, कागद लावला, फोटो गेला, आणि थोड्याच वेळात गाडीतून माणसं आली. ग्रेस शाळेमागच्या स्वयंपाकाच्या खोलीत हात धुवायला गेली होती, बाबा दारात होता. त्यांनी त्याला विचारलं, बाबानं रस्त्याकडं बोट दाखवलं, आत्ताच गेली म्हणून. मग ते कागद काढायला लागले. नखांनी, सुरीनं. नुसते कपटे निघायचे, आकडे तसेच राहायचे. शेवटी त्यांनी दार बिजागऱ्यांतून उचकटलं. बाबा दाराला धरून राहिला. सोड म्हणाले, काठ्यांनी मारलं, तरी सोडलं नाही. ग्रेसनं हे खिडकीच्या फटीतून बघितलं, ऐकलं. मग ती मागून शेतात उतरली, आणि मासे धरणाऱ्यांच्या नावेतून नदीपलीकडं गेली. नदीपलीकडं दुसरा देश आहे.

मी विचारलं, “त्यांनी बाबाला काय विचारलं?”

“मावशी, राहू द्या.”

“काय विचारलं?”

मी मागत होते ते त्याचं स्वतःचंच “दाखवा” होतं. ते त्याला माझ्यापुढं मोडता आलं नाही.

“केंद्राची मुख्य कुठं आहे, असं नाही विचारलं,” तो म्हणाला. “गाणारी कुठं आहे, असं विचारलं.”

मी ज्वारीचं सूप घेतलं आणि निवडायला बसले. दुसरं काय करणार होते?

निकाल काय लागला म्हणाल, तर जो खुर्चीवर होता तोच राहिला. त्या दाराचा फोटो मात्र खूप लोकांकडं गेला. दार कुठं गेलं ते माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात सायमन गेला. शिकणं अर्धंच राहिलं. त्याला ग्रेसकडं, नदीपलीकडच्या देशात जायचं होतं. हैदराबादला जाऊन विमान धरायचं होतं. गिटार लातूरला दगडूमास्तरांना देऊन आला. मास्तरांनी नवी तार घातली म्हणे, पण वाजवायला घेत नाहीत.

मी नांदेड स्टेशनावर गेले होते. दशम्या दिल्या, ठेचा दिला. तो म्हणाला, “सरडा आला तर मारू नका मावशी, नुसता हाकला.” मी म्हणाले, “मला शिकवू नको.”

तो डब्यात चढला. खिडकीची जागा रिकामी होती, ती सोडून तो पलीकडं बसला, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडं. चपला पायातच होत्या. दशम्यांचा स्टीलचा डबा त्यानं मांडीवर घेतला आणि दोन्ही हात त्यावर ठेवले. मला वाटलं आता वाजवेल. गाडी हलली, मुदखेडच्या बाजूनं गेली. हात तसेच राहिले.

ग्रेस जिवंत आहे. सायमन जिवंत आहे. बाबा त्याच दिवशी, त्या दारापाशी मेला. मी आहे.